काळीज कुठं असतं

डॉक्टर, शेड बंद आहे. तुम्ही गेलात त्या दिवसापासून बंदच आहे. म्हणजे कुणी मुद्दाम बंद केलं असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं आली, सुऱ्यांना धार लावली, हौदात पाणी भरलं, म्हशी आत घेतल्या, आणि मग सगळे फाटकाकडं बघत उभे राहिले. तुमची मोटारसायकल यायची वेळ झाली, टळली. कुणीतरी म्हणालं, आज जाऊ द्या. तेव्हापासून रोज तेच चाललंय. म्हशी वैरण खातायत आणि आम्ही त्यांच्याकडं बघतोय.

उद्या आठवडी बाजार. सकाळी नगरपालिकेतून फोन आला होता, आरोग्य विभागातल्या साहेबांचा. तुम्हाला माहीत आहेत ते, 'नंतर बघू' हे ज्यांच्या तोंडात कायम सुपारीसारखं असतं. म्हणाले, "युनूसभाई, सुरू करा बरं का उद्यापासून. डॉक्टरचा चार्ज कुणाकडं द्यायचा ते अजून ठरंना झालंय. तवर तुमचं तुमी कापा. शिक्का मागून मारून घेऊ." मी म्हटलं, संध्याकाळी सांगतो. शेडमधला सगळ्यात जुना परवाना माझा. मी हो म्हटलं की सगळे कापणार, नाही म्हटलं की कुणीच कापणार नाही. आता दुपार आहे. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आत बसलोय, आणि कुणाला विचारावं ते सुचत नाही म्हणून तुम्हालाच लिहितोय.

मला अजून काही वाटत नाही, हे आधी सांगून टाकतो. जेवतो, नमाज पढतो, दुकान झाडून घेतो. माझी बायको शमीम दोनदा विचारून गेली, "रडला का न्हाई तुमी?" काय सांगू तिला? दात काढायच्या आधी सुई टोचतात ना, तसा गाल आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं झालंय. तुम्ही असता तर म्हणाला असता, सुई उतरली की कळेल, घाई कशाला. तुम्हाला कशाचीच घाई नसायची, आणि त्यावरूनच आपली निम्मी भांडणं.

परवा गुरांच्या दवाखान्यात तुमची शोकसभा झाली. मी मागं उभा होतो. सगळे चांगलं बोलले. तुम्ही लंपीच्या साथीत गावोगाव फिरून लसी टोचल्या ते बोलले. विहिरीत पडलेला बैल तुम्ही दोर बांधून कसा काढलात ते एका पाटलांनी हातवारे करून सांगितलं. शेळ्यांची शिबिरं झाली, दुधाचा संघ झाला, सगळं झालं. शेडचा विषय कुणी काढला नाही. रोज सकाळी दवाखान्याआधी तुम्ही कुठं जात होतात हे त्या मंडपात निम्म्या लोकांना ठाऊक होतं, पण एकाच्याही तोंडून ते निघालं नाही. मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. मी चप्पल शोधली आणि घरी आलो.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा अब्बा होते. परळीकडच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, लिंगायत, घरात अंडंसुद्धा चालत नाही, आणि नोकरीत म्हशीचं मांस तपासायचं गळ्यात पडलेलं. आमच्या शेडमध्ये फक्त म्हशी आणि रेडे. आदल्या संध्याकाळी जनावर जिवंत बघायचं, चालतं कसं, नाक कोरडं आहे का, ताप आहे का. सकाळी कापल्यावर आतलं सगळं बघायचं. दोन्ही वेळा ठीक असेल तरच जांभळ्या शाईचा शिक्का. कागदावर नियम आधीपासून होता. पण तुमच्या आधी तो शिक्का शेडमध्येच खिळ्याला टांगलेला असायचा, ज्याला लागेल त्यानं मारायचा. तुम्ही आल्या आल्या तो काढून पुसला आणि खिशात घातला. अब्बा तेव्हाच म्हणाले होते, "हा मानूस तकलीफ देनार."

आणि पहिल्याच सकाळी तो घोटाळा. एका म्हशीच्या हृदयावरची पिशवी पू होऊन जाड झाली होती. वैरणीतून तार गिळली असणार, ती आतून टोचत तिथवर गेली, असं तुम्ही नंतर समजावलंत. त्या वेळी मात्र नाकाला रुमाल लावून लांबूनच म्हणालात, "काळीज बाद, खड्ड्यात टाका. बाकीचं पास," आणि हात धुवायला गेलात. आता आमच्या धंद्यात काळीज म्हणजे यकृत. गिऱ्हाईक येऊन पाव किलो काळीज द्या म्हणतं ते हेच. आमच्या माणसांनी त्या म्हशीचं चांगलं तुकतुकीत काळीज उचललं, खड्ड्यात टाकलं, वर चुना मारला. ते सडलेलं हृदय 'बाकीचं' म्हणून टोपलीत गेलं. तुम्ही हात पुसत परत आलात तर टोपलीत सगळ्यात वर तेच.

तुम्ही ओरडलात, "मी काळीज बाद म्हटलं होतं."

"टाकलं की," अब्बा म्हणाले. "साबूत कलेजी मातीत घातली तुमच्या सांगन्यावरून."

बराच वेळ दोघंही आपलंच खरं करत होतात. मग अब्बांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी विचारलं, "डॉक्टर साब, तुमचं काळीज कुठं असतं?" तुम्ही डाव्या छातीवर हात ठेवला. अब्बांनी आपला हात उजव्या बरगड्यांच्या खाली ठेवला. "आमचं हितं असतं." अख्खं शेड हसलं, एक तुम्ही सोडून. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात ते आमचे शब्द पाठ करून. हृदयाला दिल, यकृताला कलेजी, फुप्फुसाला फेपसा, मूत्रपिंडाला गुर्दा. शब्दाची गफलत झाली की माणूस आजारी पडतो, असं म्हणालात. काळीज हा शब्द तुम्ही शेडमध्ये परत कधी काढला नाही.

मग आमची करमणूक सुरू झाली. कपाळाला भस्माची तीन बोटं ओढलेला माणूस रोज सकाळी फाटकातून आत येऊन कसायांना म्हणतोय, "चला, आधी दिल दाखवा." माझा धाकटा भाऊ अन्वर रोज तेच उत्तर द्यायचा, "दिल तर कवाच दिलंय, डॉक्टर." तुम्ही रोज तितकंच हसायचात. इतक्या वर्षांत त्या विनोदाला तुम्ही एकदाही कंटाळला नाहीत, आणि अन्वरनं दुसरा शोधायचे कष्ट घेतले नाहीत.

तुमच्या शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं असायचं. मे महिन्यात, पत्रा तापलेला, आम्ही सगळे बनियनवर, आणि तुम्ही गळ्यापर्यंत बंद. एकदा मी विचारलं, आमच्यापासून गळ्यातलं लिंग लपवता का? तुम्ही म्हणालात, "लपवत नाही, युनूसभाई. काही उडू नये त्याच्यावर म्हणून." मला ते उत्तर आवडलं. तेव्हा सांगितलं नाही, कारण तेव्हा म्हशीच्या एका गाठीवरून आपलं भांडण चालू होतं.

चहाचंही तसंच. आधी घेत नव्हतात. मग घरून डबीत आणून प्यायला लागलात. मग डबी विसरायला लागलात. शेवटी शेवटी तर आमच्या पोराच्या हातचा चहा पिऊन वर साखर कमी आहे म्हणून तक्रार करायचात. ही सगळी चढण चढायला तुम्हाला काही वर्षं लागली, पण एकदा चढल्यावर तुम्ही परत उतरला नाहीत.

आपलं मोठं भांडण झालं ते काळजावरूनच, म्हणजे आमच्या काळजावरून. खानावळवाले पहाटेच यायचे, त्यांना काळीज ताजं लागायचं. म्हैस सोलून होण्याआधी ते निघून गेलेलं असायचं. तुम्ही म्हणालात, आतलं सगळं त्या त्या जनावराशेजारीच टांगा, मी बघितल्याशिवाय हलवायचं नाही. कारण अंग साफ दिसतं आणि आजार काळजात नाहीतर फेपशात बसलेला असतो, आणि तेच गेलं तर मी बघू काय. अन्वर म्हणाला, "तुमी कावून आमच्या पोटावर उठलाव?" त्या आठवड्यात तुम्ही बिनकाळजाच्या एकाही म्हशीवर शिक्का मारला नाही. लई शिव्या पडल्या तुम्हाला. माझ्याही होत्या त्यात.

मग तुम्ही एकदा एक काळीज फळीवर ठेवून चिरलंत. आत पाण्यानं भरलेले फोड, पांढरे, लहानमोठे. असलं काळीज आम्ही कुत्र्यांना टाकायचो, सगळीकडंच टाकतात. तुम्ही म्हणालात, कुत्र्याच्या पोटात यातून किडे होतात, त्याच्या विष्ठेतून अंडी मातीत येतात, आणि त्याच मातीत तुमची लेकरं खेळतात. मग हेच फोड माणसाच्या काळजात. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढं अन्वरच्या लेकीचं, सनाचं पोट दुखायला लागलं, अंबाजोगाईला ऑपरेशन झालं, आणि तिच्या काळजातून तसलाच फोड निघाला. कुठून आला ते सांगता येत नाही, हे तुम्हीच म्हणालात. तुम्ही तिला बघायला आलात तेव्हा मी वाट बघत होतो की आता हा माणूस म्हणणार, मी सांगत नव्हतो का. तुम्ही सनाला विचारलंत, शाळेत कोणता धडा चालू आहे. बस. त्यानंतर शेडभोवती कुंपण झालं, खड्ड्याला झाकण झालं. अन्वर स्वतः त्या झाकणावर दगड ठेवतो. सना आता कॉलेजला जाते, डॉक्टर, आणि तुमचे मी त्याबद्दल कधी आभार मानले नाहीत. कसे मानतात तेच मला माहीत नव्हतं. हे आत्ता मानतोय.

आणि तरी मी तुमच्याशी भांडतच राहिलो, कारण माझा एक मुद्दा खरा होता. अजूनही खरा आहे. तुमचा नियम आमच्याच दारात येतो. माजलगावच्या रस्त्यानं जा, बाभळीला टांगलेली बकरी सोलतायत, वर धूळ, खाली कुत्री, कोण डॉक्टर बघतो तिथं? कोंबड्यांचं तर सोडाच. गिऱ्हाईक तिथं गाडी थांबवून घेतं आणि आमच्या शिक्का मारलेल्या मालाकडं मात्र संशयानं बघतं. मी हे तुम्हाला शंभरदा तरी म्हणालो असेन. तुम्ही म्हणायचात, मला त्या दारात पाठवत नाहीत. मी म्हणायचो, मग आमच्याही येऊ नका.

त्या शेवटच्या सकाळी पुन्हा तेच निघालं. माझीच म्हैस होती. फेपशातली गाठ तुम्ही चिरली तर आत दह्याच्या गुठळ्यांसारखं, आणि सुरीला वाळू लागल्यासारखा आवाज. टीबी. मी म्हटलं, फेपसा टाका, बाकी अंग साफ आहे. तुम्ही एकेक गाठ शोधून चिरत गेलात, मानेजवळची, काळजाजवळची, मागच्या पायाची, आणि सगळीकडं तेच निघालं. अख्खी म्हैस बाद. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, बाभळीखाली कापली असती तर आत्तापर्यंत विकून मोकळा झालो असतो.

तुम्ही सुरी धुतली आणि म्हणालात, "बरोबर आहे तुमचं. मग आता काय करायचं ते तुम्हीच सांगा, युनूसभाई. इथला नियम काढून टाकायचा, का त्या बाभळीखाली न्यायचा?"

"काढून टाका," मी म्हटलं.

तुम्ही हसलात. "रागात सांगू नका. विचार करून उद्या सांगा." आणि लसीकरणाचं शिबिर होतं म्हणून उमापूरच्या रस्त्याला लागलात.

पुढचं मी पाहिलं नाही. नवनाथनं सांगितलं, तुमच्या दवाखान्यातला परिचर, तुमच्यासोबत लसीचा डबा घेऊन हिंडणारा. तुम्हाला माती देताना तो माझ्याशेजारी उभा होता. रुद्रभूमीत तुम्हाला बसवलं होतं, मांडी घालून, कपाळाला भस्म, भोवती बेलाची पानं. ज्याच्यावर काही उडू नये म्हणून तुम्ही जन्मभर वरचं बटण लावलंत ते लिंग तुमच्या उघड्या तळहातावर होतं. मी पहिल्यांदाच पाहिलं. तुमच्यातही माती आणि आमच्यातही माती, म्हणून मला तिथं परकं वाटलं नाही. मूठभर माती मीही टाकली. नवनाथ मात्र हलेना. मी त्याला बाजूला घेतलं.

"युनूसभाई, माज्यामुळं झालं," तो म्हणाला. "सर म्हशीला लस टोचायले होते, तसंच थांबले. मला म्हनले, नवनाथ, दिल दुखायलंय. मला वाटलं चेष्टा करायलेत. म्या हासलो. म्हनलं, कावून सर, जुनं कुनी आठवलं का? ते बी जरासे हासले. मग गोठ्याच्या भिंतीला टेकून खाली बसले." त्यानं माझा दंड धरला. "काळीज म्हनले असते तर म्या हासलो असतो का हो? लगेच गाडीत घातलं असतं."

मी त्याला सांगितलं, तुझ्या हसण्यानं काही झालं न्हाई. माणसांच्या दवाखान्यातले डॉक्टरही म्हणाले होते की झटका मोठा होता, एवढ्या-तेवढ्यानं फरक पडला नसता. खरं असेल. पण तेव्हापासून मी जागच्या जागी आहे. तो शब्द तुमचा नव्हता, डॉक्टर. तुमच्याकडं चांगला शब्द होता, घरचा, सगळ्यांना कळणारा. तो आम्ही हसून काढून घेतला आणि आमचा दिला. तुम्ही तो इतका अंगवळणी पाडलात की स्वतःचं दुखलं तेव्हासुद्धा तोच तोंडात आला. यात चूक कुणाची ते मला अजून सापडत नाही. शब्दाची गफलत झाली की माणूस आजारी पडतो म्हणाला होतात, पण अशी गफलतही होते हे तुम्ही सांगितलं नव्हतंत.

काल तुमच्या घरी जाऊन आलो. दारात उभा राहिलो, आपण कोण म्हणून सांगावं ते ठरवत होतो, तेवढ्यात वहिनीच म्हणाल्या, "शेडवरचे युनूसभाई ना? आत या." मी आत गेलो. अंगणातल्या नळाखाली तुमची चप्पल होती, अंघोळ करूनच घरात यायचात म्हणे. वहिनींनी चहा केला. म्हणाल्या, "तुमच्याबद्दल सांगायचे. रोज भांडतो, पण आदल्या रात्री जनावराला पाणी पाजल्याशिवाय घरी जात नाही म्हणायचे." मग म्हणाल्या, "घरी पण हृदयाला दिलच म्हणायचे. सासूबाई रागवायच्या, हे काय सिनेमातलं बोलणं." मी चहा पिऊन टाकला. साखर भरपूर होती.

म्हणजे मंडपात बोलले नाहीत, पण तुमच्या घरात आम्ही होतो. हे मला माहीत नव्हतं. घरी येताना हेच एक डोक्यात घोळत होतं.

संध्याकाळ झाली आहे. अन्वर शटरखालून वाकून विचारून गेला, "काय ठरलं, भाई? म्हशी आदल्या दिवशी दाखवाव्या लागतात, आज कुनाला दाखवायच्या?" एवढं बोलला आणि वाकलेला तसाच मागं फिरला. शिक्का वहिनींनी काल दवाखान्यात पाठवून दिला, कुलपात आहे. साहेब मागून मारून घेऊ म्हणतात. तुम्ही इलेक्शनच्या ड्यूटीवर होतात तेव्हाही असंच म्हणाले होते. परत आल्यावर तुम्ही त्या मालावर शिक्का मारायला तयार झाला नाहीत. जे मी पाहिलं नाही त्याच्यावर माझा शिक्का कसा, एवढंच म्हणालात.

मी फोन लावला.

"साहेब, उद्या कापनार न्हाई."

"अहो, बाजाराचा दिवस हाय. लोकं काय खातील?"

"एक बाजार डाळ खातील. डॉक्टरनी जन्मभर खाल्ली, त्यांना काय झालं..." असं म्हटलं आणि मध्येच थांबलो.

"मग कवर बंद ठेवनार?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर येस्तोवर. आनी जो येईल त्याला आमच्याकडं झालं की माजलगाव रोडला बी पाठवा, त्या बाभळीखाली. तसं अर्जात लिहून देतो. सगळ्यांची सही आनतो."

"नियम तुमालाच जड होत होता की."

"होत होता. अजून बी हाय. पन काढू नका."

हेच उत्तर होतं, डॉक्टर. उद्या सांगा म्हणाला होतात. थोडा उशीर झाला.

साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "तुमी लई काळजाला लावून घेतलं, युनूसभाई."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हा लक्षात आलं की माझा एक हात मघापासून छातीवर आहे. डावीकडं. अब्बांनी दाखवलं होतं तिथं नाही, तुम्ही दाखवलं होतं तिथं. आता तिथं दुखतंय.